मालनअक्कांची हवाई छत्री

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार.

विनायक, रूपाली, पेठेतली मंडळी, तालमीची पोरं, जयसिंगपूरकडनं आलेले अक्कांच्या माहेरचे पावणे… सगळे आलात. हॉलमध्ये जागा नाही, म्हणून कितीतरी माणसं बाहेर जिन्यावर उभी आहेत. बरं केलं आलात.

मी बोलणार नव्हतो. सकाळी विनायक म्हणाला, काका, आईबद्दल तुम्ही बोला. मी नको म्हणालो. मग त्याची बायको, रूपाली, म्हणाली, "काका, तुम्ही न्हाय बोलला तर आत्तींनी तुमास्नी सोडलं नसतं." हे मात्र खरं होतं. म्हणून उभा राहिलो. मधेच थांबलो तर सांभाळून घ्या.

माझं नाव उत्तम पोवार. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर आहे. मालनअक्का माझ्या कोण? नात्यानं कोणीच नाहीत. तीन वर्षांपूर्वी मी त्यांना ओळखतही नव्हतो. त्यांचं घर माझ्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडं, आणि मी ओळखत नव्हतो! आज मात्र मी जिवंत इथं उभा आहे तो त्यांच्यामुळं. हे बोलायची पद्धत म्हणून म्हणत नाही. अक्षरशः सांगतोय. काहींना ही गोष्ट माहीत आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगतो.

मालन सदाशिव चौगुले. वय त्रेसष्ट. लग्न होऊन पेठेत आल्या आणि शिलाई मशीनवर बसल्या. आधी ब्लाऊज, परकर. मग मालक, म्हणजे विनायकचे वडील, गेल्यावर फुटबॉलच्या जर्सी. इथं बसलेल्या पोरांनो, तुमच्यापैकी कितीजणांच्या पाठीवरचा नंबर अक्कांच्या हातचा आहे? हात वर करू नका, मला माहीत आहे. मैदानात एकमेकांची कॉलर धरणारे दोन्ही संघ जर्सी शिवायला एकाच दारात यायचे. आणि अक्का त्या दोघांनाही सारखंच झापायच्या.

तर तीन वर्षांपूर्वी रंकाळ्याच्या काठानं वेशभूषेची दौड होती. पाच किलोमीटर. कुणी काहीही होऊन पळायचं. कुणी मावळा, कुणी वासुदेव, कुणी झाड. अक्कांनी ठरवलं, आपण विमानातनं उडी मारणारी बाई व्हायचं. साठीतली बाई! विनायकला आधी वाटलं आई चेष्टा करतेय. पण अक्कांनी कापड काढलं होतं.

केशरी कापडाचा एकसंध सूट शिवला, गळ्यापासून घोट्यापर्यंत. विनायकच्या गाडीचं हेल्मेट घेतलं. डोळ्यांवर गॉगल. दप्तराचे जुने पट्टे उसवून छातीवर आणि मांड्यांवर आवळायचे पट्टे केले. आणि पाठीवरच्या पिशवीत हवाई छत्री. खरी. म्हणजे खरी नव्हे, पण पूर्ण. जर्सीचं उरलेलं निळं आणि भगवं कापड जोडून आठ पाकळ्या केल्या, प्रत्येक पाकळीच्या टोकाला दोरी. शिवाय छातीवर वेगळी एक दोरी, ती ओढली की पिशवी उघडायची आणि छत्री मागं फुलायची. दौड संपते तिथं, सगळ्या लोकांसमोर, ती दोरी ओढायची, असं त्यांनी ठरवलं होतं. महिनाभर गच्चीवर सराव केला.

रूपाली तेव्हा त्यांना म्हणाली होती, "आत्ती, तासाभराचा खेळ हाय. एका शिलाईवर भागतंय की." अक्का प्रत्येक जोडावर तीन तीन शिलाया मारत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "छत्री हाय न्हवं ती? मग माणूस तोलाय नको?"

रूपाली, तू मला हे सांगितलंस तेव्हा मी जेवत होतो. मी ताट सारून उठलो होतो.

आता माझी बाजू सांगतो. आमच्या कंपनीतनं आम्ही चौघं उतरलो होतो. चौघं गॅस सिलिंडर. हसा, हसा. अक्का पण हसायच्या. जाड पुठ्ठ्याचे गोल पिंप केले, लाल रंग दिला, हात बाहेर काढायला दोन भोकं, पायात बूट. 'गॅस वाचवा' असं लिहिलेलं. मला तेव्हा पंचेचाळीसावं चालू होतं. आदल्या आठवड्यापासून जिना चढताना छातीत आवळल्यासारखं होत होतं. ॲसिडिटी म्हणून सोडून दिलं. बायकोला सांगितलं नाही. भट्टीसमोर उभं राहणाऱ्या माणसाला काय होतंय? असा माझा माज होता.

पहिले चार किलोमीटर मी सगळ्यांच्या पुढं. पाचव्यात पुठ्ठ्याच्या आत घाम, श्वास पुरेना, डावा हात जड. काठाच्या कट्ट्याला टेकायला गेलो आणि आडवा झालो. एवढंच मला आठवतंय. पुढचं सगळं दुसऱ्यांनी सांगितलेलं आहे.

लोक हसले. त्यांचं काय चुकलं? सिलिंडर लवंडला होता. कुणी मोबाइल काढला. कुणी म्हणालं, "भले शाब्बास, काय ॲक्टिंग करतंय बघा!" माझे तिघं सोबती मागं होते, त्यांना पत्ता नाही. मावळे गेले, झाडं गेली, वासुदेव गेला. सगळे माझ्या बाजूनं पळत गेले.

मागनं अक्का आल्या. त्या काही वेगात पळणाऱ्या नव्हत्या. पण त्या थांबल्या. गुडघ्यावर बसल्या, गॉगल वर केला, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि ओरडल्या, "आरं हा नाटक न्हाय करत! मोबाइल ठेवा खाली!"

त्यांना कसं कळलं? पुढं मी विचारलं होतं. म्हणाल्या, "आमचं मालक असंच गेलं. खुर्चीत बसल्याजागी. मी समोर काजं करत बसलो होतो. मला वाटलं डुलकी लागलीया." आपल्याकडच्या बायका बोलतात तशा त्या 'मी बसलो, मी येतो' असंच बोलायच्या. "त्या दिवशी मी उठून बघितलं न्हाय उत्तम. आता कोण बी आडवं दिसलं की बघतो."

केशरी सूटच्या खिशात त्यांची छोटी कात्री होती. पळायला जाताना कात्री कशाला? शिवणारी बाई, कात्रीशिवाय घराबाहेर पडत नव्हत्या. त्या कात्रीनं त्यांनी माझा पुठ्ठा वरपासून खालपर्यंत कापला. मला मोकळं केलं.

रुग्णवाहिका दौड संपते तिथं उभी. मधे अर्धा किलोमीटर, आणि रस्ता सगळा माणसांनी भरलेला. गाडी आत येईना. तेवढ्यात पांढरा कोट घातलेला, गळ्यात ती नळी अडकवलेला एकजण आला. अक्कांनी त्याला हाताला धरून खाली बसवलं. "डॉक्टर, बघा हो ह्यास्नी!" तो बिचारा रडवेला झाला. म्हणाला, "मावशी, मी बँकेत हाय. ही वेशभूषा हाय." अक्का म्हणाल्या, "बरं मग, हात तर खरं हाईत न्हवं? हिकडनं धर."

आणि त्यांनी दोरी ओढली.

महिनाभर गच्चीवर सराव केलेली ती दोरी. दौड संपते तिथं, लोकांच्या टाळ्यांत ओढायची ती दोरी. तिथं कट्ट्याजवळ ओढली. छत्री रस्त्यावर पसरली. पट्टे सोडले, मला त्या कापडावर घेतलं, आणि आठ पाकळ्यांना आठ माणसं लावली. एक बँकेतला डॉक्टर. दोन मावळे. माझ्या मागनं पोचलेले तीन सिलिंडर, तेही पुठ्ठे फाडून आले. एक झाड झालेला कॉलेजचा पोरगा. आणि आठव्या पाकळीला अक्का स्वतः. माझं वजन तेव्हा ब्याऐंशी किलो. आठ जणांनी उचललं आणि पळाले. अक्का पुढनं ओरडत होत्या, "वाट सोडा! पावणं, सरका! वाट सोडा!"

एक शिलाई सुटली नाही.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर काही सांगता आलं नसतं. माझी बायको संगीता इथं समोर बसलीय. तिला फोन गेला, ती धावत आली. दारात तिला काय दिसलं? हेल्मेट घातलेली, केशरी सूटमधली एक बाई, नर्सबरोबर भांडत असलेली. नर्स विचारत होती, पेशंटचे नातेवाईक कोण? आणि ती बाई म्हणत होती, "मी हाय की! नातं लिवायचंय? लिवा, अक्का." तेव्हापासून त्या माझ्या अक्का. नर्सनं लिहून घेतलं, ते कागदावर आहे अजून.

मंडळी, इथपर्यंतचं पेपरात पण आलं होतं. फोटो आला, सत्कार झाला, अक्कांनी शाल घेतली आणि त्या शालीची दोन झबली शिवून टाकली. पण मला सांगायचंय ते पुढचं. ते पेपरात आलं नाही.

मी घरी आलो आणि घाबरलो. असा घाबरलो, की संडासला जाताना दार उघडं ठेवत होतो. डॉक्टर म्हणाले चाला, मी चालेना. उंबऱ्याबाहेर पाय टाकला की छातीवर हात जायचा. दोन महिने खुर्चीत. संगीता समजावून थकली. कंपनीतनं माणसं यायची, "काय होत न्हाय साहेब" म्हणायची आणि चहा पिऊन जायची. तो पुठ्ठा कापला गेला होता, पण मी आतच बसलो होतो.

एक दिवस सकाळी अक्का दारात. हातात पिशवी. आत आल्या, बसल्या नाहीत. छत्री माझ्या मांडीवर टाकली. रस्त्यावर घासून, ओढली जाऊन तिच्या कडा फाटल्या होत्या. म्हणाल्या, "ही तुझ्यापायी फाटली. उद्यापास्नं शिवायला यायचं. माझ्या घरी."

मी म्हणालो, "अक्का, मला चालवत न्हाय."

"मी कुठं पळ म्हटलं? ये बसत बसत."

"वाटेत काय झालं तर?"

तर अक्का काय म्हणाल्या माहीत आहे? "काय झालं तर पेठ हाय. मेलास तर खांदा द्यायला माणसं तयारच हाईत. पण शिवल्याबिगर मरायचं न्हाय."

संगीता घाबरली. मी मात्र दोन महिन्यांत पहिल्यांदा हसलो.

दुसऱ्या दिवशी निघालो. तीन गल्ल्या. तीनदा थांबलो, एकदा पानपट्टीच्या बाकावर बसलो. अर्धा तास लागला. अक्का दारात उभ्या होत्या. शाब्बास नाही, काही नाही. "उशीर झाला," म्हणाल्या, आणि मला दुसऱ्या मशीनवर बसवलं.

वितळलेलं लोखंड साच्यात ओतणारा माणूस मी. सुईत दोरा ओवायला मला चार दिवस लागले. शिलाई सरळ जाईना. अक्का उसवायच्या आणि परत द्यायच्या. उसवायच्या आणि परत द्यायच्या. दीड महिना मी रोज गेलो. छत्री कधीच शिवून झाली होती, तरी गेलो. कधी त्या गल्लीच्या कोपऱ्यावर उभ्या राहायच्या, कधी त्याच्या पुढच्या कोपऱ्यावर. मग एक दिवस म्हणाल्या, चल, रंकाळ्यावर जाऊन येऊ. ज्या कट्ट्याजवळ मी पडलो होतो तिथं नेऊन बसवलं. भाजलेल्या शेंगा दिल्या हातात. मी शेंगा संपवल्या. उठलो. घरी आलो. त्यानंतर मला त्या जागेची भीती वाटली नाही.

मशीनवर बसल्या बसल्या मी एकदा विचारलं होतं, "अक्का, सगळ्या बायका राणी होतात, देवी होतात. तुम्ही हे विमानातनं उडी मारायचं कुठनं काढलं?"

मशीन चालूच होतं. म्हणाल्या, माहेरी विहीर होती. मोटरच्या खोलीच्या भिंतीवर चढायचं आणि तिथनं उडी. सगळ्या पोरांत उंचावरनं उडी कुणाची, तर मालनची. तेराव्या वर्षी वडील म्हणाले, आता पुरे. तेव्हापासून पुरे. मग लग्न, पेठ, मशीन. आणि पंचेचाळीसेक वर्षांनी एकदा टीव्हीवर दिसलं, एक बाई विमानाच्या दारात उभी आहे आणि तिनं उडी टाकली. अक्का म्हणाल्या, "मी मशीन थांबवलं. गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याला म्हटलं थांब जरा. ती बाई पडत हुती आणि हसत हुती रं. आणि तिला कोण बी पुरे म्हणत न्हवतं."

एवढं सांगितलं आणि पाय मारत राहिल्या.

पुढच्या वर्षी दौड परत झाली. अक्का परत उतरल्या. तोच केशरी सूट, तीच छत्री. मी साध्या कपड्यात, संगीताला घेऊन, डॉक्टरांना विचारून, त्यांच्या बाजूनं चालत. त्या पळायच्या, थांबायच्या, "आलास का?" विचारायच्या, परत पळायच्या. आमच्या मागं मोजून चार माणसं असतील. शेवटचा पट्टा आला. लोक पांगायला लागले होते. लाऊडस्पीकरवाला वायर गुंडाळत होता. अक्कांनी मागं वळून मला विचारलं, "आता वडू का?"

मी म्हणालो, "वडा अक्का."

दोरी ओढली. तळ्यावरनं वारा आला आणि छत्री अशी फुलली, अशी फुलली, की अक्का दोन पावलं मागं खेचल्या गेल्या. आम्हाला वाटलं पडणार. पडल्या नाहीत. पुढं वाकल्या, पट्टे धरले आणि त्या वाऱ्याला ओढत ओढत पुढं निघाल्या. हेल्मेटच्या आतनं हसत होत्या. मोठ्यानं. पांगलेले लोक परत फिरले. वायर गुंडाळणारा टाळ्या वाजवायला लागला. रूपाली रडत होती, विनायक पळत पळत व्हिडिओ काढत होता. त्या व्हिडिओत काही नीट दिसत नाही. नुसतं निळं, भगवं, आणि अक्कांचं हसणं.

ती बाई तेरा वर्षांची असताना कशी असेल, ते त्या दिवशी आम्ही बघितलं.

गेल्या मंगळवारी दुपारी, जर्सीला नंबर लावता लावता त्यांच्या डोक्यात रक्तस्राव झाला. रूपाली शेजारीच होती, लगेच नेलं. सगळं वेळेत झालं, सगळं जिथल्या तिथं झालं. तरी गुरुवारी अक्का गेल्या. रूपाली, तू सारखी म्हणतेस, मी अजून काय करायला पाहिजे होतं. काही नाही गं. तू उठून बघितलंस. तू लगेच बघितलंस. हे मी तुला चार माणसांत सांगतोय.

आता एक शेवटचं. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. संगीतालाही नाही.

त्या पहिल्या दौडीला, सुरुवातीच्या रेषेवर आम्ही चौघं सिलिंडर उभे होतो आणि पुढं अक्का उभ्या होत्या. मी त्यांना ओळखत नव्हतो. केशरी सूट, हेल्मेट, पाठीवर पिशवी, मागनं पिकलेली वेणी. मी माझ्या सोबत्यांना म्हणालो, "आजीबाई सरणावर जायच्या वयात विमानातनं निघाल्या की!" आणि हसलो. आम्ही सगळेच हसलो. अक्कांनी मागं वळून बघितलं. माझ्याकडंच. मग परत पुढं बघायला लागल्या.

आणि तासाभरात त्याच माणसासाठी त्यांनी दोरी ओढली.

त्यांनी मला ओळखलं होतं का? लाल पिंपात आम्ही चौघं सारखेच होतो, पण तोंड तर उघडंच होतं. मला माहीत नाही. दीड महिना त्यांच्या शेजारच्या मशीनवर बसलो, तीन वर्षं त्यांच्या घरचं खाल्लं. एकदा धीर करून म्हणालो, "अक्का, त्या दिवशी सुरुवातीला मी…" त्यांनी वाक्य पुरं करू दिलं नाही. "दोरा धर," म्हणाल्या. "ताठ धर." मी धरला. विषय संपला. परत काढायची माझी हिंमत झाली नाही. आज करतो, उद्या करतो, म्हणत राहिलो.

अक्का, चुकलं माझं. तुमच्या पोराच्या, सुनेच्या, माहेरच्या आणि सगळ्या पेठेच्या समोर सांगतो. चुकलं. मी हसलो होतो ते चारचौघांत, म्हणून माफी पण चारचौघांत मागतोय. तुम्ही असता तर हेही पुरं बोलू दिलं नसतं.

मंडळी, आता सगळ्यांनी उभं राहायचं. बाहेर जिन्यावरच्यांनी पण. दोन मिनिटं कुणी कुणाशी बोलायचं नाही. ज्याला ज्याला अक्कांना काही सांगायचं राहून गेलंय, त्यानं ते मनातल्या मनात सांगून टाका.

माझं सांगून झालं. अक्का, नमस्कार करतो.